एकतीस नंबरची बाटली

गंजातल्या भाताला उकळी फुटली तशी चंदानं झाकण सरकवलं आणि पहिली बाटली वाफेवर धरली. बोटं भाजत होती, तरी तिनं हात मागे घेतला नाही. जरा वेळानं बाटलीवरच्या कागदाची कड फुगली. नखानं ती हळूच उचलून तिनं सतरा नंबरची चिठ्ठी सगळीच्या सगळी सोलून काढली आणि परातीच्या काठावर ठेवली. मग दुसरी बाटली घेतली. तिच्यावर एकतीस लिहिलेलं होतं.

घरात कोणी नव्हतं. धानाचे रोवणे जोरात होते, सगळं सावरटोला गाव बांध्यांमधल्या चिखलात उतरलं होतं. तिचा नवरा आदेश ऊर्जानगरला ठेकेदाराच्या हाताखाली कामाला, तो शनिवारी येणार. सासरा लटारू शेताच्या धुऱ्यावर बसून रोवणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायला गेला होता. लक्ष कसलं, छातीचं दुखणं झाल्यापासून बायाच त्याच्यावर लक्ष ठेवत. तरी चंदा दोनदा दारापर्यंत जाऊन रस्ता पाहून आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर भर दुपार होती.

सतराची चिठ्ठी एकतीसच्या बाटलीवर गेली, एकतीसची सतराच्या. एक कोपरा काही केल्या चिकटेना, तिथं तिनं भाताचं शीत दाबलं. बाटल्या पदरानं पुसल्या आणि रजिस्टर उघडून दोन्ही नावांपुढे नेहमीसारखी बरोबरची खूण केली.

आता ही चंदा काही चोरटी बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बारा वर्षं ती गावची आशा होती. कोणत्या घरी कोण बाळंत होणार, कोणाची साखर वाढली, कोण डॉक्टरच्या गोळ्या गिळतो आणि कोण कोंबड्यांपुढे टाकतो, सगळं तिला ठाऊक. म्हणून तर नागपूरच्या नंदिनी मॅडम आल्या तेव्हा त्यांनी वाटपाचं काम तिच्याच हाती दिलं.

मॅडम एका संशोधन संस्थेतल्या. नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडांच्या सालीत एक द्रव्य असतं, त्यावर त्यांचं काम चाललं होतं. विहारात सतरंजीवर बसलेल्या साठ जणांना त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. वय वाढतं तसा रक्ताच्या नळीच्या भिंतीत चरबीचा थर बसतो, भिंत सुजते, जाड होते आणि वाट अरुंद होते.

"पाटात गाळ बसते तसं काय?" लटारूनं विचारलं होतं.

"जवळपास तसंच, काका. फक्त हा गाळ भिंतीच्या आत शिरतो. तो धुऊन निघत नाही. पण बसायचा वेग कमी करता येईल का, एवढंच पाहायचंय. उंदरांमध्ये फरक दिसला. माणसांत दिसतो की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही."

त्यासाठी साठही जणांच्या मानेतल्या नळीची जाडी नागभीडला सोनोग्राफीवर मोजून झाली होती. आता सहा महिने रोज दोन कॅप्सूल. अर्ध्या लोकांना ते द्रव्य, अर्ध्यांना नुसतंच काहीतरी. कोणाला काय, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. ती यादी नागपूरला पाकिटात बंद होती. आणि डॉक्टरच्या नेहमीच्या गोळ्या कोणी सोडायच्या नाहीत, हे त्यांनी चारदा बजावलं.

सगळं कसं चोख होतं. पण मॅडमना एक ठाऊक नव्हतं. लटारूनं तीस वर्षं जंगलखात्यात रोजंदारी केली होती. अंधारात सालीचा तुकडा जिभेवर ठेवून ऐन कोणता, बेहडा कोणता आणि अर्जुन कोणता हे सांगणारा तो माणूस. असा माणूस बंद कॅप्सूल न पाहता गिळेल? पहिल्याच सकाळी तो आणि त्याचा जोडीदार सुकलू ढिवर तलावाच्या पाळीवर बसले आणि दोघांनी एकेक कॅप्सूल तळहातावर फोडली. लटारूच्या हातावर पांढरं पीठ पडलं. जीभ लावली तर चव ना ढव. सुकलूच्या हातावर तपकिरी भुकटी. ती जिभेवर ठेवताच लटारूनं तोंड वाकडं केलं. अस्सल अर्जुन, तुरट.

"आपल्याले तांदळाचं पीठ आलं, बाई," जेवताना तो हसत म्हणाला. "अन् सुकल्याले खरी दवाई. त्याचं नशीबच मोठं."

चंदाला हसू आलं नाही. दोन हिवाळ्यांमागे हाच माणूस बाजारातून येताना रस्त्यात मटकन खाली बसला होता. ओठ काळे पडलेले, अंगाला दरदरून घाम. चंद्रपूरच्या डॉक्टरनं नळ्या अरुंद झाल्याचं सांगून गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून तो खोकला तरी हिचा हातातला घास हातातच राहत असे.

एकोणीस वर्षांची, बारावी पास होऊन ती या घरात आली होती. आशाची जागा निघाली तेव्हा आदेश म्हणाला, पाहू पुढच्या वर्षी. लटारूनं दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल पुसली, सुनेला मागे बसवलं आणि नागभीडला घेऊन गेला. दिवसभर तिथं कडुनिंबाखाली बसून राहिला. पुढं गावात कोणी हसलं तर म्हणायचा, "माही सून रजिस्टर लिवते. तुह्या घरी कोन लिवते?" बापानं केलं नसतं ते सासऱ्यानं केलं, असं चंदा मैत्रिणींना सांगत असे, आणि सांगताना तिचे डोळे भरत.

मग त्याच्या वाट्याला पीठ यावं?

सुकलू तिला परका नव्हता. काकाच म्हणायची त्याला. पण सुकलू धडधाकट गडी, या वयातही तलाव आरपार पोहणारा. त्याची छाती कधी दुखली? आपला तो बाब्या म्हणतात तसंच झालं. आठवड्याच्या मोजणीसाठी म्हणून तिनं सुकलूची बाटली घरी आणली आणि भात चुलीवर ठेवला.

महिन्याला नवी बाटली येई, आणि महिन्याला एकदा चंदा भाताच्या वाफेवर हात भाजून घेई. चोरी एकदा केली की भागत नाही, तिचाही रतीब लागतो. तिला वाटलं होतं, मामाजी औषध खातात हे पाहून तरी आपल्याला झोप लागेल. झोप लागली, पण सुकलूच्या दारात उभं राहणं जड झालं. तो बिचारा बाटली पुढे करायचा, ती कॅप्सूल मोजायची, मग तो टोपलीतल्या चार मासोळ्या तिच्या पिशवीत टाकायचा.

"राहू द्या न, काका."

"ने व पोरी. लटारूले कमी तेलात देजो."

थंडीत सुकलूला दम लागला. साधा सर्दीपडशाचा दम, तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा पाण्यात उतरला. पण त्या तीन दिवसांत चंदानं त्याच्या घरी सात खेपा घातल्या. छाती तपासायला डॉक्टरकडे घेऊन गेली. शेजारणी म्हणाल्या, आशा असावी तर अशी! तिला तो शब्द चटका लागल्यासारखा लागला.

फेब्रुवारीत सहा महिने पुरे झाले. साठही जणांची सोनोग्राफी पुन्हा झाली आणि पंधरा दिवसांनी मॅडम पाकीट घेऊन विहारात आल्या. सुकलू आपल्या सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन लवकरच उठून गेला, त्याचं जाळं पाण्यात होतं. बाकीचे ऐकत बसले.

"दोन गटांत थोडा फरक दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी ते द्रव्य खाल्लं त्यांच्या नळीची जाडी जरा कमी वाढली. जरा म्हणजे जराच. एकेकट्याची चिठ्ठी पाहून काही ठरवू नका, साठ माणसं मिळून जेमतेम काही सांगतात. आणखी मोठी तपासणी लागेल. पण फरक आहे तो चांगल्या बाजूचा आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंदानंही वाजवल्या. मामाजी त्या चांगल्या बाजूला आहेत, आणि आपणच त्यांना तिथं बसवलं. पाप केलं खरं, पण कामी आलं.

मागून कोणीतरी विचारलं, "पर मॅडम, खरी कोन्ती होती, तुरट का फिकी?"

मॅडम चमकल्या. "तुम्ही कॅप्सूल फोडून पाहिल्या?"

विहारात हशा पिकला. मॅडमही हसल्या, मग कपाळाला हात लावला. पुढच्या वेळी दोन्हींची चव सारखी करावी लागणार, असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"फिकी ती खरी," त्या म्हणाल्या. "आम्ही सालीतून ते द्रव्य वेगळं काढलं. ते पांढरं असतं, त्याला चव नसते. काढून घेतल्यावर उरला तो सालीचा चोथा. तुरटपणा त्यात तसाच राहतो, पण आम्हाला हवं ते त्यात नसतं. दुसऱ्या गटाला आम्ही तो चोथा दिला."

चंदा भिंतीला टेकली. सहा महिने. रोज दोन. मामाजींच्या तोंडातलं औषध काढून आपण त्यांना चोथा चारला होता. देवानं, दैवानं, कोणीच काही केलं नव्हतं. नागपूरच्या पाकिटानं तर त्यांना सरळ सरळ खरी बाटली दिली होती. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात, तशातली गत. ती सासऱ्याकडे पाहू शकली नाही. लटारू आपला चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवत होता.

लोक उठले. मॅडमनी तिला हाक मारली आणि एक खोकं पुढ्यात ठेवलं. ज्यांना चोथा मिळाला त्यांना आता सहा महिने खरं औषध मिळणार होतं. यादीत तीस नावं. चंदानं बाटल्या मोजायला घेतल्या आणि तळाशी तिच्या हाताला एकतीस नंबर लागला.

यादीप्रमाणे ही सुकलूची. पण सुकलूनं तर सहा महिने खरं औषधच खाल्लं होतं, हिच्याच करणीनं. आणि ज्यानं चोथा खाल्ला त्याच्या नावापुढे 'पूर्ण' असं लिहिलेलं, त्याला आता काही मिळायचं नाही. ही बाटली घरी नेली तर? ही काही चोरी नव्हे, ही तर फिटंफाट, असं एक मन म्हणालं. मन कसलं, वकीलच तो. बाजू कोणतीही द्या, मांडून देतो. चंदा बाटली धरून उभी राहिली. मॅडम पलीकडे चिठ्ठ्या लावत होत्या. साठ माणसं मिळून जेमतेम काही सांगतात म्हणाल्या होत्या, आणि त्या साठांतली दोन हिनं उलटी करून ठेवली होती. आता ही बाटली घरी नेली तर पुढच्या महिन्यात पुन्हा भात, पुन्हा वाफ.

"मॅडम," ती म्हणाली, "सतरा अन् एकतीस नंबर खोडून टाका."

"का?"

"मी बदलवल्या. चिठ्ठ्या काढून इकडच्या तिकडं लावल्या. सहाही महिने."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "सतरा म्हणजे तुमचे सासरे."

"हो." तिनं बाटली मॅडमपुढे ठेवली. "मले वाटलं तुरट ती खरी हाये. मामाजीले भेटावी म्हनून... मी त्याईले चोथा खाऊ घातला, मॅडम."

दाराशी चपला शोधत असलेला लटारू वळला. एका पायात चप्पल घालून तसाच आत आला.

"नावं कापू नोका, मॅडम. बाटल्या बरोबर हायेत."

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या.

"दुसऱ्या हप्त्यात गोळी गिळली अन् तुरट ढेकर आला," तो म्हणाला. "म्हनलं हे काय? पिठाचा ढेकर तुरट कसा? बाटली पाह्यली तं चिठ्ठीखाली भाताचं शीत. मंग समजलं." त्यानं सुनेकडे पाहिलं नाही, मॅडमशीच बोलत राहिला. "गेलो सुकलूकडं. दुपट्ट्यावर दोन्ही बाटल्या ओतल्या, त्याच्या त्याले, माह्या मले. माही सून मोजून गेली का आमी दर महिन्याले तसंच करो. तवापासून मी फिकीच खाल्ली, एकही दिवस नाई चुकली."

"तुम्हाला तर ती पीठच वाटत होती," मॅडम म्हणाल्या.

"वाटत होती न."

"मग?"

"सुकलू माह्या भरवशावर आला होता तुमच्या या कामात. तो तं सुईले भेते. मी म्हनलं चाल, काई होत नाई." लटारूनं खांदे उडवले. "त्याच्या बाटलीतलं मी कसं खाऊ?"

मॅडमनी वही ओढली. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही काका, पण अदलाबदल झाली एवढं मला लिहावंच लागेल, आणि ही दोन नावं धरता यायची नाहीत, अठ्ठावन्नच धरावी लागतील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. चंदाकडून रजिस्टर मागून घेतलं. यापुढचं वाटप नागभीडची सिस्टर करेल म्हणाल्या. चंदानं मान हलवली. एकतीस नंबरची बाटली मात्र मॅडमनी तिच्याच हातात ठेवली.

"ही आज तुम्ही नेऊन द्या. सही त्यांची आणा, तुमची नको."

बाहेर आल्यावर सासरा आणि सून धुऱ्याच्या वाटेला लागले. बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार उभी होती, बाया भाजीसाठी तिचे शेंडे खुडत होत्या. चंदाला खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"मले एका शब्दानं बोलले नाई तुमी, मामाजी. सहा महिने!"

"काय बोलू? तुही लाज गेली असती." लटारूनं खाकरून घसा साफ केला. "सुकलूले मी सांगतलं, पोरीच्यानं चुकून झालं. तेच राहू दे. तू काई सांगू नोको त्याले."

तो घराकडे वळला. चंदा तलावाकडे गेली.

सुकलू पाळीवर जाळं पसरून त्याची फाटकी बाजू सांधत बसला होता. तिनं बाटली पुढे केली, आता ही खरी आहे म्हणून सांगितलं, फिकी लागेल, घाबरू नका म्हणाली. कागद पुढे धरला. सुकलूनं अंगठा उमटवला आणि तो लुंगीला पुसला. आता निघायला हरकत नव्हती. पण ती निघाली नाही.

"काका, ते बाटल्याईचं चुकून नोतं झालं. मी मुद्दाम केलं होतं. तुमची दवाई मामाजीले देली होती."

सुकलूनं सुतळीची गाठ ओढून घट्ट केली. "मालूम हाये मले."

"मामाजीनं सांगतलं?"

"त्यानं तं चुकूनच म्हनलं. पर चुकून झालेल्या गोष्टीसाठी मानूस रडते काय व?"

चंदाला आधी कळलंच नाही. लटारूला रडताना या गावात कोणी पाहिलं नव्हतं. सासू गेली तेव्हाही तो कोरड्या डोळ्यांनी लाकडं रचत होता.

"मामाजी रडले?"

"पयल्याच दिवशी. गोळ्या भरल्या, झाकनं लावली, माही बाटली माह्या हातात देली अन् लागला लेकरावानी रडाले. इथीच, या दगडावर. मले वाटलं मराचं भेव वाटून राह्यलं. म्हनलं, लटारू, ठेव बाप्पा तुह्याच जवळ, मले काय झालं हाये? तं मान हालवली त्यानं." सुकलू जाळ्यावरून नजर न उचलता बोलत होता. "म्हने, त्यासाठी नाई गा. म्हने, सुकलू, बासष्ट वर्साचा झालो, माह्यासाठी आजपावतर कोनी चोरी नोती केली."